भारूड, चऱ्हाट, लोणकढी थाप: निरर्थक आणि फुगीर बोलण्याला मराठीत किती नावं आहेत?

फॅमिली ग्रुपवर चार स्क्रीन भरेल एवढा मेसेज येतो. सुरुवातीला हात जोडलेले, मध्ये ‘परदेशी शास्त्रज्ञही थक्क’, शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’. तुम्ही एका शब्दात उत्तर देता, ‘फेकाफेकी!’ काकांना राग येतो. ते म्हणतात, ‘यात खोटं काय आहे ते दाखव.’ आणि खरोखरच, अर्ध्या मेसेजमध्ये खोटं काही नसतं. तो फक्त लांब असतो, किंवा पोकळ असतो, किंवा जड शब्दांनी फुगवलेला असतो.

म्हणजे चूक शब्द निवडण्यात झाली. मराठीत ‘निरर्थक बोलणं’ ही एकच गोष्ट नाही. बोलण्यात नेमकं काय बिघडलं आहे, त्याप्रमाणे वेगवेगळी नावं आहेत. खोटं असेल तर एक, लांबलं असेल तर दुसरं, फुशारकी असेल तर तिसरं आणि नुसतीच विद्वत्ता पाजळली असेल तर चौथं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती निघाली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड १९३२ पासून निघाले. हे कोश चाळले तर अशा शब्दांची रेलचेल दिसते.

हे शब्द आले कुठून आणि कोणता कधी वापरायचा, ते पाहू. सुरुवात त्र्यंबकेश्वरपासून करू, कारण यातले बरेच शब्द तिथे आजही त्यांच्या मूळ अर्थाने ऐकू येतात.

मांडवातून बाहेर पडलेले शब्द

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून साधारण २८ किलोमीटरवर आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमाचं गाव. ज्ञानेश्वरांचे थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांची समाधी इथेच आहे. पौष वद्य एकादशीला त्यांची यात्रा भरते, दिंड्या येतात आणि गावभर कीर्तन, भजन, भारूड, पारायण सुरू असतं.

आता याच शब्दांचा रोजचा वापर आठवा. ‘त्याने भारूड लावलं.’ ‘काय आख्यान सांगत बसलायस?’ ‘तिने पुराण सुरू केलं.’ ‘परत तेच पारायण!’ देवळात जे भक्तीचं, ते घरात कंटाळ्याचं झालं. याचं कारण सोपं आहे. हे सगळे प्रकार तासन्‌तास चालतात. श्रद्धेने बसलेल्याला वेळ कळत नाही, पण ज्याला उठायची घाई आहे त्याला फक्त लांबी दिसते. लांब बोलणाऱ्याला चिमटा काढायला लोकांना हीच उपमा सापडली.

भारूड लावणे: लांबलचक, संपता न संपणारं सांगणं. यात एक गंमत आहे. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी पैठणला, म्हणजे याच गोदावरीच्या काठी, भारुडं रचली. ती चटपटीत आहेत, त्यांत सोंगं आहेत आणि ढोंगी बुवाबाजीवर कोरडे आहेत. पोकळ बोलण्याची खिल्ली उडवणाऱ्या प्रकाराचंच नाव पुढे कंटाळवाण्या बोलण्याला चिकटलं.

आख्यान लावणे: नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण आणि उत्तररंगात कथा, म्हणजेच आख्यान. ‘उशीर का झाला?’ एवढ्याच प्रश्नावर कुणी सकाळपासूनची हकिगत सांगू लागला की ते आख्यान.

नमनाला घडाभर तेल: रात्री मशाली-दिवट्यांच्या उजेडात खेळ चालायचे तेव्हा सुरुवातीला देवांना नमन असे. नमनातच घडाभर तेल जळलं तर खेळाला उरणार काय? मुद्द्याआधीच्या लांबलचक प्रस्तावनेला यापेक्षा नेमका शब्द नाही. पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत पहिली सात मिनिटं ‘चॅनेलला सबस्क्राइब करा’ ऐकावं लागतं, तेव्हा हीच म्हण आठवावी.

हरदासाची कथा मूळपदावर: हरदास म्हणजे कीर्तनकार. तो कितीही फाटे फोडून आला तरी शेवटी मूळ पदाकडे वळतो. कुठूनही सुरू करून तोच एक मुद्दा गाठणाऱ्या माणसाला ही म्हण लागू पडते.

री ओढणे: कीर्तनात मागे उभे असलेले साथीदार बुवांचा सूर धरून पुढे ओढतात. स्वतःचा विचार न करता दुसऱ्याच्या बोलण्याला हो ला हो करणं म्हणजे री ओढणं. आज हेच काम ‘शंभर टक्के सहमत’ ही कमेंट करते.

पुराणातली वांगी पुराणात: चातुर्मासात वांगी खाऊ नयेत असं सांगणारे पुराणिकबुवा घरी मात्र वांगी खातात, अशी गोष्ट या म्हणीमागे सांगतात. मूळ शब्द ‘वांगी’ नसून ‘वानगी’, म्हणजे नमुना किंवा दाखला, असावा असंही मत आहे. कसंही असलं तरी अर्थ एकच: सांगायचं एक, करायचं दुसरं.

चर्पटपंजरी: निरर्थक, लांबण लावलेली बडबड. हे नाव शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘चर्पटपंजरिका’ या स्तोत्रावरून आलं. एका गंभीर स्तोत्राच्या नावाचं मराठीत असं झालं, बहुधा उच्चारातल्या चटपटीतपणामुळे.

शेत, गोठा आणि स्वयंपाकघर

शब्दांचा दुसरा मोठा साठा कष्टाच्या रोजच्या कामांतून आला. यातल्या प्रत्येक शब्दामागे एक डोळ्यांना दिसणारी वस्तू आहे.

चऱ्हाट: चऱ्हाट म्हणजे जाड, लांब दोर. वळत राहिलात तर वाढतच जातो. ‘चऱ्हाट लावणे’ म्हणजे न संपणारं बोलणं.

गुऱ्हाळ: ऊस गाळून गूळ करतात ती जागा. तिथे पूर्वी बैल घाण्याभोवती गोल गोल फिरत. ‘चर्चेचं गुऱ्हाळ’ म्हणजे त्याच मुद्द्याभोवती फिरणारी चर्चा. फरक एवढाच की खऱ्या गुऱ्हाळातून शेवटी गूळ तरी मिळतो.

दळण: जात्यावर तेच तेच गोल फिरवणं. ‘तेच दळण दळतोय’ म्हणजे पुन्हा पुन्हा तेच सांगतोय.

टकळी: सूत कातायची चाती. ती हातात सतत फिरते आणि सूत लांबत जातं. ‘टकळी चालू असणे’ म्हणजे तोंड थांबत नसणे.

भाकडकथा: दूध आटलेल्या गाईला किंवा म्हशीला भाकड म्हणतात. चारापाणी चालू आहे, पण दूध नाही. ज्या कथेतून हाती काही लागत नाही ती भाकडकथा.

लोणकढी थाप: लोणी कढवून नुकतंच काढलेलं ताजं तूप म्हणजे लोणकढं तूप. लोणकढी थाप म्हणजे तशीच ताजी, जागच्या जागी तयार केलेली थाप. आधी शिजवून ठेवलेली नाही, प्रश्न आला तशी कढईतून उतरवलेली.

खोटेपणाचे दर्जे

खोट्या बोलण्यातही मराठीने बारीक भेद केले आहेत.

थाप मारणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. तो ते लपवतो. पुडी सोडणारा एखादी अफवा हळूच सोडून देतो आणि ती कुठवर जाते ते बघत बसतो. बाता मारणारा स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. त्यात खरं किती आणि खोटं किती हे त्यालाही सांगता येणार नाही. थोतांड मात्र जाणूनबुजून रचलेलं असतं आणि त्यातून कुणाचा तरी फायदा होत असतो. म्हणून यात सर्वांत जड आरोप थोतांडाचा आहे.

यांच्याबरोबर आजचा शब्द येतो तो फेकणे. फेकणाऱ्याला खरं-खोटं याचं काही पडलेलं नसतं. त्याला फक्त समोरच्यावर छाप पाडायची असते. अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी नेमका हाच भेद १९८६ सालच्या एका निबंधात मांडला. २००५ साली तो छोट्या पुस्तकाच्या रूपात निघाला आणि गाजला. त्यांचं म्हणणं असं की खोटं बोलणाऱ्याला निदान सत्याची दखल घ्यावी लागते, पण ‘बुलशिट’ करणाऱ्याला सत्याशी देणंघेणंच नसतं, म्हणून तो अधिक घातक. मराठी कट्ट्यावर ‘थाप मारतोय’ आणि ‘फेकतोय’ यांत हा फरक रोज केला जातो.

मग अतिशयोक्तीचं काय? आचार्य अत्रे यांची शैली आठवा. गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही आणि पुढच्या दहा हजार वर्षांत होणार नाही, ही त्यांची ढब महाराष्ट्रात इतकी प्रसिद्ध झाली की तिच्यावर विनोद झाले. पण तिला कुणी थाप म्हणालं नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असतं की हे वाढवून सांगितलेलं आहे. फसवणूक नसेल तर ती थाप नाही.

फुगीर बोलणं: आवाज मोठा, माल कमी

मोठं बोलण्याचेही प्रकार आहेत. बढाई आणि फुशारकी स्वतःबद्दल असते. शेखी मिरवणे हा प्रयोग फारसीतून आला, त्यात ‘शेख’ म्हणजे मानाचा माणूस हा अर्थ दडला आहे. वल्गना संस्कृतातून आली. तिथे मूळ अर्थ उड्या मारत जाण्याचा आहे. पुढे होणार नाही अशा गोष्टीची मोठ्या आवेशात केलेली घोषणा म्हणजे वल्गना. टिमकी वाजवणे म्हणजे स्वतःची जाहिरात स्वतःच करणे. टिमकी हे लहानसं चर्मवाद्य आहे, पण आवाज दूर जातो.

आवाजाचा विषय निघाला की नाशिककरांना नारोशंकराची घंटा आठवते. पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेलं रामेश्वराचं देऊळ आहे. त्याच्यावरची भली मोठी घंटा पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाशी ही घंटा जोडली जाते. तिचा नाद फार दूरवर जायचा. म्हणून खणखणीत, थांबता न थांबणाऱ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात.

विद्वत्तेच्या फुगवट्याला वेगळे शब्द आहेत. पोपटपंची म्हणजे अर्थ न कळता पाठ म्हणणं. घटपटाची खटपट हा न्यायशास्त्राच्या पंडितांना मारलेला टोला आहे. त्यांच्या वादात ‘घट’ म्हणजे मडकं आणि ‘पट’ म्हणजे कापड ही उदाहरणं सारखी येत, आणि बाहेरच्या माणसाला वाटे की एवढा काथ्याकूट मडक्या-कापडासाठी चाललाय. शब्दबंबाळ म्हणजे शब्दांचा इतका भडिमार की अर्थ त्याखाली गाडला जातो. मुक्ताफळं उधळणे आणि अकलेचे तारे तोडणे हे उपरोधाने म्हणतात. मोती आणि तारे म्हणायचं, पण सांगायचं असतं उलट.

या सगळ्यांच्या वर एक शब्द आहे, पढतमूर्ख. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळी इथे बारा वर्षं तपश्चर्या केली, असं परंपरा सांगते. त्यांच्या ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा. साध्या मूर्खाला माहीत नसतं. पढतमूर्खाला सगळं माहीत असतं, तो दुसऱ्याला शिकवतोही, पण स्वतः तसं वागत नाही. त्याच्यासाठी वेगळा समास लिहावा लागला, यावरून हा प्रकार तेव्हाही कमी नव्हता हे कळतं.

इंग्रजीत काय म्हणतात?

इंग्रजीतही अशा शब्दांची चंगळ आहे आणि त्यांच्या जन्मकथा मजेदार आहेत.

- बंकम: १८२० साली अमेरिकन संसदेत एका महत्त्वाच्या चर्चेच्या शेवटी फेलिक्स वॉकर हे सदस्य बोलायला उठले. बाकीचे कंटाळले होते. ते म्हणाले, मला बंकम परगण्यासाठी बोलायचं आहे, म्हणजे मतदारांना दिसावं म्हणून. तेव्हापासून पोकळ भाषणाला बंकम म्हणू लागले. ‘बंक’ हे त्याचंच छोटं रूप.
- गॉबलडिगूक: १९४४ साली टेक्ससचे मॉरी मॅव्हरिक सरकारी कागदांच्या अगम्य भाषेला वैतागले आणि त्यांनी हा शब्द काढला. टर्की कोंबडा मान ताठ करून गुटगुट आवाज करतो, त्यावरून.
- बॉम्बास्ट: मूळ अर्थ कपड्यांत भरायचा कापूस. पुढे अर्थ झाला भाषणात भरलेला कापूस.
- क्लॅपट्रॅप: नाटकात टाळ्या मिळवण्यासाठीच टाकलेलं वाक्य, म्हणजे टाळ्यांचा सापळा.
- हॉगवॉश: डुकरांना घालायचं खरकटं.

दोन्ही भाषांची पद्धत एकच दिसते. पोकळ बोलण्याला नाव देताना लोक जवळची, रोज बघितलेली वस्तू उचलतात. तिकडे कापूस आणि टर्की, इकडे चऱ्हाट आणि भाकड गाय.

आजची भर

प्रत्येक पिढी यात भर टाकते. आजोबांच्या पिढीत इंग्रजी ‘बंडल’वरून बंडल मारणे आणि बंडलबाज आले. मुंबईने भंकस दिली. कॉलेजांनी पकवणे, पिळणे, लेक्चर झोडणे रुळवलं. झी मराठीवर २०१३ साली सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ मालिकेतल्या जान्हवीचं ‘काहीही हं’ घराघरांत गेलं आणि मीमच्या जगात अजून टिकून आहे. ते टिकलं कारण त्यात समोरच्याचा अपमान नाही. ‘मला पटलं नाही, पण भांडायचंही नाही’ असा त्याचा सूर आहे. ज्ञान पाजळणे हा प्रयोगही जोरात आहे. पाजळणे म्हणजे दिवा पेटवणे. कुणी मागितलेला नसताना, भर दुपारी दिवा घेऊन फिरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा.

कोणता शब्द कधी?

- गोष्ट खोटी आहे आणि सांगणाऱ्याला ते माहीत आहे: थाप
- खरं-खोटं याची पर्वाच नाही: फेकाफेकी
- रचून फसवलं जातंय, कुणाचा तरी खिसा भरतोय: थोतांड
- खोटं नाही, पण हाती काही लागत नाही: भाकडकथा
- खरं आहे, पण संपत नाही: चऱ्हाट, भारूड, पाल्हाळ
- मुद्दा येतच नाही: नमनाला घडाभर तेल
- चर्चा होते, निर्णय होत नाही: गुऱ्हाळ
- स्वतःचं कौतुक: बढाई, टिमकी
- शब्द जड, अर्थ हलका: शब्दबंबाळ
- ऐकलेलं तसंच पुढे ढकललेलं: पोपटपंची, री ओढणे

ही यादी नुसती गमतीची नाही. २०२७ चा नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थ जवळ येतोय. ब्रह्मगिरी, कुशावर्त, गोदावरी यांच्याबद्दल मेसेजचा पूर येणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्यातल्या काही मेसेजमध्ये श्रद्धेच्या पुराणकथा असतील. गौतम ऋषींनी गोदावरी आणल्याची कथा ही थाप नाही, ती कथा आहे आणि कथा म्हणूनच सांगितली जाते. काही मेसेज लांबलचक असतील, ते सोडून देता येतील. पण ‘अमुक क्रमांकावर पैसे भरा, पूजा घरबसल्या होईल’ असा अनोळखी मेसेज आला तर तो वेगळ्याच खणातला आहे. त्या ठिकाणी ‘काहीही हं’ म्हणून हसून चालत नाही. खात्री करावी लागते आणि इतरांना सावध करावं लागतं. सगळ्यालाच थोतांड म्हटलं तर श्रद्धाळू माणूस दुखावतो आणि खरं थोतांड त्या गर्दीत सुटून जातं.

शब्द कुणाला चिकटतात, तेही बघा

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टकळी, वटवट, कटकट, पिरपिर हे शब्द आपण बहुतेक वेळा बायका आणि मुलांसाठी वापरतो. वल्गना, मुक्ताफळं, शब्दबंबाळ हे पुरुषांच्या, त्यातही मोठ्या माणसांच्या वाट्याला येतात. चार पुरुष पारावर तासभर बोलले तर ती चर्चा, आणि चार बायका नळावर दहा मिनिटं बोलल्या तर वटवट. बोलणं सारखंच असतं, नाव बदलतं. त्यामुळे ‘ही काय कटकट’ म्हणण्याआधी, समोरची व्यक्ती खरंच निरर्थक बोलतेय की आपल्याला फक्त ऐकायचं नाहीये, हे एकदा तपासलेलं बरं.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते. ग्रुपवर पुढच्या वेळी चार स्क्रीनचा मेसेज आला की चिडून ‘फेकाफेकी’ लिहिण्याआधी एवढंच विचारा: यात खोटं काय, लांब काय आणि फुगवलेलं काय? उत्तर सापडलं की योग्य शब्दही सापडेल. काकांना ‘नमनालाच घडाभर तेल झालं, मुद्दा सांगा ना’ असं लिहिलंत तर कदाचित तेही हसतील, आणि मुद्दा असेल तर सांगतील.